सोन्याच्या नाण्यावरचे चार सम्राट

सम्राट गाल्बा जेवायला आला की यजमान ओथो एक काम न चुकता करायचा. सम्राटासोबत आलेली पहाऱ्याची तुकडी दाराशी उभी असे. तिच्यातल्या प्रत्येक शिपायाच्या हातावर तो सोन्याचे एकेक नाणे ठेवायचा. वरकरणी हा पाहुणचार होता. सम्राटाच्या माणसांचा मान राखला तर त्यात सम्राटाचाच मान, असे म्हणायला जागा होती. रोमन चरित्रकार सुएटोनियसने ही गोष्ट नोंदवली आहे, इतिहासकार टॅसिटसनेही. इ.स. 69 च्या 15 जानेवारीला याच शरीररक्षक दलाने ओथोला पालखीत बसवून छावणीत नेले, सम्राट म्हणून सलामी दिली, आणि सत्तरी गाठलेला गाल्बा रोमच्या भर फोरममध्ये मारला गेला.

त्या वर्षी रोमने चार सम्राट पाहिले: गाल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि व्हेस्पेशियन. चौघांनीही घाईघाईने सोन्याची नाणी पाडली आणि प्रत्येकाने त्यावर काही ना काही लिहिले. लढाया, खून आणि फितुरी यांची हकिगत टॅसिटसने सांगितलीच आहे. पण तीच हकिगत नाण्यांवरच्या लेखांतून वाचली तर वेगळी दिसते. सम्राटाजवळ जे नव्हते, नेमके तेच तो सोन्यावर कोरून घेत होता.

या नाण्याला ऑरियस म्हणत. व्यास जेमतेम दोन सेंटीमीटर, सोने जवळजवळ शुद्ध. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात एका रोमन पौंडातून 40 ते 42 ऑरियस पाडत. गाल्बाच्या आधीचा सम्राट नीरो याने इ.स. 64 च्या सुमारास ते 45 केले, म्हणजे नाणे सुमारे 7.8 ग्रॅमवरून 7.3 ग्रॅमवर उतरले. एका ऑरियसचे 25 देनारियस किंवा 100 सेस्टर्स होत. लीजन म्हणजे रोमन पायदळाची मोठी तुकडी. तिच्यातल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार 225 देनारियस. हिशेब केला तर नऊ ऑरियस, आणि तेही तीन हप्त्यांत. अन्न, कपडे, हत्यारे यांची कपात त्यातूनच होई. म्हणजे ओथो एका जेवणाच्या वेळी प्रत्येकाच्या हातावर जे ठेवत होता, ती साध्या शिपायाची जवळपास सव्वा महिन्याची कमाई होती. शरीररक्षकांचा पगार यापेक्षा बराच जास्त होता, तरी एका रात्रीच्या पहाऱ्याला एक ऑरियस ही रक्कम विसरण्यासारखी नव्हती.

नाण्याच्या दर्शनी बाजूला सम्राटाचा चेहरा आणि त्याच्याभोवती कडेने फिरणारी अक्षरे असत. जागा कमी, पदव्या फार, म्हणून सगळे शब्द तोडून लिहीत. ‘इम्प’ म्हणजे इम्पेरातोर, विजयी सेनापती. ‘ऑग’ म्हणजे ऑगस्टस. ‘पॉन्ट मॅक्स’ म्हणजे धर्माचा मुख्य पुरोहित. ‘ट्रिब पॉट’ म्हणजे जनतेच्या कैवाऱ्याचे, ट्रिब्यूनचे अधिकार. हे अधिकार दरवर्षी नव्याने मोजले जात, त्यामुळे पुढचा आकडा पाहून नाण्याचे वर्ष काढता येते. ‘कॉस’ म्हणजे कॉन्सल, पुन्हा कितव्यांदा त्याच्या आकड्यासह. मागच्या बाजूला देवता, वस्तू किंवा प्रसंग आणि एखादा छोटा लेख. मराठी वाचकाला नाण्यावरच्या नावाचे राजकारण समजावून सांगायला नको. 1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या होनावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आली, आणि त्यांचा अर्थ विजापूरला आणि दिल्लीला बरोबर कळला.

या लेखांकडे लोक खरोखर पाहत होते का, हा विद्वानांचा जुना वाद आहे. ए. एच. एम. जोन्स या इतिहासकाराने 1956 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात यावर थंड पाणी ओतले. टपालाच्या तिकिटावरची चित्रे पाहून कोणी आपले राजकीय मत बनवत नाही, तसेच नाण्यांचे असणार, असा त्यांचा सूर होता. शांततेच्या काळापुरते त्यांचे म्हणणे मला पटते. इ.स. 68-69 ला ते लागू पडत नाही. कारण त्या काळात नाणी पाडणाऱ्याला एकच वाचक हवा होता, आणि तो वाचक तलवार घेऊन उभा होता.

सुरुवात गॉलमधून झाली. इ.स. 68 च्या मार्चमध्ये तिथला प्रांताधिकारी व्हिंडेक्स याने नीरोविरुद्ध बंड केले. स्पेनमधल्या गाल्बाने त्याला साथ दिली. 2 एप्रिलला गाल्बाने जाहीर केले की आपण रोमच्या सेनेटचे आणि जनतेचे प्रतिनिधी आहोत. सम्राट हा शब्द त्याने तेव्हा टाळला. या बंडाच्या काळातली काही सोन्याचांदीची नाणी फार विलक्षण आहेत, कारण त्यांवर कोणाचेच नाव नाही. चेहऱ्याच्या जागी देवता आहे किंवा कधीच मरून गेलेला ऑगस्टस आहे. लेख आहेत ‘सालुस गेनेरिस हुमानी’, म्हणजे मानवजातीचे कल्याण. ‘रोमा रेस्तितुता’, म्हणजे रोमची पुनःस्थापना. ‘मार्स उल्तोर’, म्हणजे सूड घेणारा युद्धदेव. शंभर वर्षे नाण्यावर ऑगस्टसच्या घराण्याचा माणूस असायचा. आता ते घराणेच नको होते आणि नवा माणूस अजून ठरला नव्हता. बंडखोरांनी नीरोच्या तांब्याच्या नाण्यांवर ‘एस पी क्यू आर’ हा सेनेट आणि जनतेचा शिक्का वरून मारला, काहींवर तर थेट त्याच्या मानेवर. व्हिंडेक्स मे महिन्यात व्हेसोन्तिओपाशी हरला आणि मेला. तरी 9 जूनला नीरोने आत्महत्या केली, आणि गाल्बा सम्राट झाला.

गाल्बाच्या ऑरियसवरचा सगळ्यात बोलका लेख ओकच्या पानांच्या मुकुटात कोरलेला आहे: ‘एस पी क्यू आर ओब सी एस’. पूर्ण अर्थ असा की नागरिकांचे प्राण वाचवल्याबद्दल सेनेट आणि जनतेकडून. हा मान मूळचा रणांगणावर सोबत्याचा जीव वाचवणाऱ्या शिपायाचा. ऑगस्टसने तो स्वतःकडे घेतला आणि मग तो सम्राटाचाच झाला. गाल्बाचे रोममध्ये आगमन मात्र कसे झाले? शहराच्या वेशीवर नौदलातल्या माणसांचा जमाव आडवा आला. नीरोने त्यांना लीजनचा दर्जा दिला होता, तो कायम ठेवा एवढी त्यांची मागणी होती. गाल्बाने त्यांच्यावर घोडदळ घातले. टॅसिटस हजारो निःशस्त्र माणसे मारली गेल्याचे लिहितो. रोममध्ये शिरताना रक्तात पाय आणि नाण्यावर प्राणरक्षणाचा मुकुट.

याहूनही मोठी चूक पैशाची होती. शरीररक्षक दलाचा प्रमुख निम्फिडियस साबिनस याने गाल्बाच्या नावाने दलातल्या प्रत्येकाला 30,000 सेस्टर्स कबूल केले होते. म्हणजे माणशी 300 ऑरियस. त्या आशेवर दलाने नीरोला सोडले. गाल्बाने यातले एकही नाणे दिले नाही. आपण शिपाई निवडतो, विकत घेत नाही, अशी त्याची भूमिका होती. जुन्या प्रजासत्ताकाच्या पुस्तकात ही भूमिका शोभली असती. जानेवारी 69 मध्ये ती आत्मघाताची होती. टॅसिटसचेच मत असे की त्या कंजूष म्हाताऱ्याने थोडा जरी हात सैल सोडला असता तरी शिपाई वळले असते.

आता ओथोचे सोने कुठून आले ते पाहू. सम्राटाच्या एका गुलामाला कारभाऱ्याची जागा मिळवून दिल्याबद्दल त्याने त्याच्याकडून दहा लाख सेस्टर्स घेतले, असे सुएटोनियस सांगतो. दहा हजार ऑरियस. गाल्बाच्या दरबारातल्या वशिल्याच्या पैशातून गाल्बाच्याच खुनाचे भांडवल उभे राहिले. कामाला लावलेली माणसेही लहानच होती. टॅसिटसला याचेच आश्चर्य वाटते की दोन साध्या शिपायांनी रोमचे साम्राज्य एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यायचा विडा उचलला आणि ते करूनही दाखवले. ठरल्या वेळी ओथो फोरममधल्या सोन्याच्या मैलस्तंभापाशी गेला तेव्हा त्याला सलामी द्यायला फक्त 23 शिपाई आले होते. तो घाबरला. पण तोपर्यंत त्यांनी त्याला पालखीत कोंबले होते. वाटेत आणखी थोडे मिळाले, आणि तेवढ्यांनी भागले.

ओथोने तीन महिने राज्य केले. त्याच्या ऑरियसवरचा लेख आहे ‘पॅक्स ऑर्बिस तेर्रारुम’, साऱ्या पृथ्वीवर शांतता. शांतिदेवता हातात ऑलिव्हची फांदी घेऊन उभी आहे. ही नाणी पडत होती तेव्हा ऱ्हाइनवरची सैन्ये व्हिटेलियसच्या नावाने आल्प्स ओलांडायला निघाली होती. दुसरा लेख ‘सेकुरितास पी आर’, रोमन जनतेची निर्धास्तता. तिसरा ‘व्हिक्टोरिया ओथोनिस’, ओथोचा विजय. त्या विजयाच्या खात्यावर एकच गोष्ट होती: डॅन्यूबच्या बाजूला मीशिया प्रांतात तिथल्या सेनापतींनी रोक्सोलानी घोडेस्वारांच्या टोळीला गाठून मारले होते. ओथो तेव्हा रोममध्येच होता. श्रेय मात्र त्याने स्वतःकडे घेतले.

ओथोच्या चेहऱ्याबद्दल एक गंमत आहे. त्याला केस कमी होते आणि तो टोप घालायचा, इतका बेमालूम की कोणाला ओळखू येऊ नये, असे सुएटोनियस लिहितो. नाण्यावर त्याच्या डोक्यावर ओळीने मांडलेल्या कुरळ्या बटा अगदी नीट दिसतात. ठसा खोदणारा कारागीर प्रामाणिक होता म्हणायचा. त्याने टोपही जसाच्या तसा उतरवला.

14 एप्रिलला उत्तर इटलीत बेड्रियाकमजवळ ओथोचे सैन्य हरले. अजून लढता आले असते. डॅन्यूबची लीजन वाटेत होती. पण 16 तारखेला ब्रिक्सेलम गावात ओथोने स्वतःला खंजीर मारून घेतला. आयुष्यभर उधळेपणा केलेल्या माणसाने शेवटी आणखी रक्त नको म्हणून प्राण दिला, याचे कौतुक त्याच्या शत्रूंनीही केले. मला वाटते, पृथ्वीवरच्या शांततेसाठी ओथोने केलेली एकमेव कृती हीच.

व्हिटेलियसला 2 जानेवारीला कोलोन इथे ऱ्हाइनच्या सैन्याने सम्राट केले होते. त्याच्या दर्शनी बाजूच्या लेखात एक शब्द नाही, आणि तो नसणेच महत्त्वाचे आहे. ‘सीझर’ ही पदवी त्याने तेव्हा घेतलीच नाही. त्याऐवजी ‘जर्मानिकस’. आपण जर्मेनियातल्या सैन्याचे सम्राट, असे तो उघड सांगत होता. मागच्या बाजूला ‘फिदेस एक्झर्सितुउम’, म्हणजे सैन्यांची निष्ठा, आणि दोन हातांचे हस्तांदोलन. ‘कोन्सेन्सुस एक्झर्सितुउम’, म्हणजे सैन्यांचे एकमत. हे हातही हवेतून आलेले नाहीत. टॅसिटस सांगतो की बंडाच्या आधी गॉलमधल्या लिंगोनेस जमातीने ऱ्हाइनच्या लीजनना मैत्रीची खूण म्हणून एकमेकांत गुंफलेल्या उजव्या हातांची प्रतिमा भेट पाठवली होती. व्हिटेलियसचे शिपाई इतके पेटलेले होते की पैसा नव्हता तिथे त्यांनी आपले कमरपट्टे आणि चांदीचे बिल्ले काढून मोहिमेसाठी दिले. म्हणजे चौघांपैकी व्हिटेलियसचा लेख निदान पाडला त्या दिवशी तरी खरा होता. पुढच्या सहा महिन्यांत तोही खोटा पडला.

सत्तेवर आल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. एक, गाल्बाचा खून आपणच केला असे सांगून ओथोकडे बक्षीस मागणारे 120 हून अधिक अर्ज त्याच्या हाती लागले. त्याने त्या सगळ्यांना शोधून मारले. गाल्बावर प्रेम म्हणून नव्हे. सम्राटाला मारणाऱ्यांना मोकळे सोडायची परंपरा सम्राटाला परवडत नाही. दोन, नीरो, गाल्बा आणि ओथो यांची नाणी त्याने चालू ठेवली, त्यांच्या चेहऱ्यांवर राग धरला नाही, अशी नोंद इतिहासकार कॅसियस डिओने केली आहे. बाजारात एकाच वेळी तीन मेलेल्या आणि एका जिवंत सम्राटाचे सोने फिरत होते, आणि दुकानदार वजन पाहून घेत होता.

व्हिटेलियसने नाण्यांवर आपला बाप आणला: ‘एल व्हिटेलियस कॉस थ्री सेन्सोर’, तीन वेळा कॉन्सल आणि सेन्सॉर राहिलेला ल्युसियस व्हिटेलियस. आपली मुलेही आणली, एक मुलगा आणि एक मुलगी, समोरासमोर. मागे घराणे आहे आणि पुढे वारस आहे, हे सांगायची त्याची तगमग यातून दिसते. खर्च मात्र पंक्तींवर झाला. काही महिन्यांत 90 कोटी सेस्टर्स उडवले, असा आकडा टॅसिटस देतो. शिपायांना द्यायला तिजोरीत पुरेसे नव्हते.

तिकडे 1 जुलैला इजिप्तचा राज्यपाल टायबेरियस ज्युलियस अलेक्झांडर याने अलेक्झांड्रियात आपल्या लीजनना व्हेस्पेशियनच्या नावाने शपथ दिली. व्हेस्पेशियन तेव्हा यहुद्यांच्या बंडाविरुद्ध ज्युडियात लढत होता. त्याच्या मोहिमेच्या पहिल्या तयारीबद्दल सांगताना टॅसिटस एक ओळ खर्च करतो: अँटिऑकला सोन्याचांदीची नाणी पाडायला घेतली. सीरियाचा राज्यपाल म्युसियानस पैसा जमवत सुटला. यादवी युद्धाचे बळ पैशातच असते, असे तो उघड बोलायचा. पण शिपायांना व्हेस्पेशियनने जे कबूल केले ते इतर लोक शांततेच्या काळात देत त्याहून जास्त नव्हते. गाल्बाने काहीच दिले नाही, निम्फिडियसने न परवडणारे कबूल केले. व्हेस्पेशियनने थोडे कबूल केले आणि दिले. माझ्या मते त्या वर्षाचा निकाल इथे लागला.

ऑक्टोबरअखेर बेड्रियाकमच्याच परिसरात व्हिटेलियसचे सैन्य हरले, आणि क्रेमोना शहर चार दिवस लुटले गेले. नोव्हेंबरात व्हिटेलियस इतका खचला की इतके दिवस नाकारलेली ‘सीझर’ पदवी आता त्याला हवीशी झाली. त्या नावात काही जादू असेल असे त्याला वाटू लागले. 19 डिसेंबरला रोमच्या कॅपिटल टेकडीवरचे ज्युपिटरचे मंदिर जळाले. 20 डिसेंबरला शत्रू शहरात शिरल्यावर व्हिटेलियस रिकाम्या राजवाड्यात परतला. कोणीच उरले नव्हते. सुएटोनियस लिहितो की त्याने सोन्याच्या नाण्यांनी भरलेला पट्टा कमरेला बांधला, द्वारपालाच्या खोलीत शिरला, दाराशी कुत्रा बांधला आणि दाराला पलंग आणि गादी लावली. शिपायांनी त्याला तिथून ओढून काढले. त्या पट्ट्यात ‘सैन्यांची निष्ठा’ असे लिहिलेली नाणी होती की नीरोच्या चेहऱ्याची, याने काही फरक पडला नसता.

व्हेस्पेशियनने लेखांचा व्यवहार वेगळ्या हिशेबाने केला. ‘इम्प सीझर व्हेस्पेशियानुस ऑग’ हे त्याचे नाव पाहा. त्याचा ज्युलियस सीझरच्या घराण्याशी काडीचा संबंध नव्हता. बाप करवसुली करणारा, मूळ गाव सॅबाइन डोंगराळ भागातले. पण त्याने ‘इम्पेरातोर’ हा शब्द नावाच्या सुरुवातीलाच लावला आणि ‘सीझर’ हे घराण्याचे नाव पदाचे नाव करून टाकले. गाल्बाने आणि ओथोने ते नाव उसने वापरले होते, व्हिटेलियसने झिडकारून मग शोधले होते. व्हेस्पेशियननंतर रोमच्या गादीवर येणारा प्रत्येक जण ते वापरत गेला. शिवाय त्याच्या मागच्या बाजूला टायटस आणि डोमिशियन हे दोन मोठे मुलगे होते. व्हिटेलियसच्या नाण्यावर लेकरे होती, याच्या नाण्यावर वारस होते.

घाई मात्र त्यानेही केली. विजयस्तंभाखाली बसून रडणारी स्त्री आणि खाली ‘युदेआ’ हा एकच शब्द, असे त्याचे ऑरियस प्रसिद्ध आहेत. त्यातली सुरुवातीची नाणी इ.स. 69 च्या अखेरीपासून 70 च्या आरंभापर्यंतची मानली जातात. जेरुसलेम पडले ते सप्टेंबर 70 मध्ये. विजय आधी कोरला गेला, टायटसने तो मिळवला नंतर. ‘फोर्तुना रेदुक्स’, सुखरूप घरी आणणारी भाग्यदेवता, ही नाणीही सम्राट पूर्वेतून रोमला परतण्याआधीच पडू लागली. फरक एवढाच की या वेळी लिहिलेले खरे ठरले. चौघांपैकी तोच आजारपणात मेला, इ.स. 79 मध्ये, आणि मग त्याच्या नाण्यांवर ‘दिवुस’ म्हणजे देवत्व पावलेला असे लिहिले गेले.

रोमचे बरेच सोने आपल्याकडेही आले. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईला 1898 मध्ये 501 ऑरियसचा साठा सापडला. ती नाणी ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतची आहेत, आणि त्या साठ्यातली नाणी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. साठ्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. मिरी आणि मोती देऊन सोने घेणाऱ्याला पदव्यांशी कर्तव्य नव्हते. चेहरा तोडला की नाणे संपले आणि सोने उरले. आपल्या महाराष्ट्रात रोमन सोने त्या मानाने फार थोडे सापडते. रोमन नाणी प्रत्यक्ष पाहायची असतील तर चेन्नईला एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात जावे.

आणि संग्राहकांसाठी एक सूचना. ओथोच्या तीन महिन्यांत रोमच्या टांकसाळीतून फक्त सोन्याची आणि चांदीची नाणी निघाली, तांब्यापितळेची निघालीच नाहीत. सुएटोनियसने ज्यांची चरित्रे लिहिली त्या बारा सीझरांचा पितळी संच पुरा करायची हौस पुढे युरोपात इतकी वाढली की सोळाव्या शतकात पाडुआच्या जोव्हानी दा कॅव्हिनो या कारागिराने ओथोची सुंदर नाणी स्वतःच घडवली, मागे ‘सेकुरितास पी आर’ लिहून. अँटिऑक आणि अलेक्झांड्रियाची स्थानिक नाणी सोडली, तर ‘सेकुरितास’ लिहिलेले ओथोचे रोमन पितळी नाणे कोणी विकायला आणले तर ते घेऊ नका.